एक जागा, सगळे ऋतू: सह्याद्रीत निसर्गछायाचित्रण शिकण्याची सविस्तर पद्धत

निसर्गाची छायाचित्रे काढू लागलेले बहुतेक जण मला पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेरा कोणता घ्यावा हा. तीस वर्षे सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरल्यावर माझे मत असे झाले आहे, की पहिला प्रश्न कोणती जागा धरावी हा असला पाहिजे. दर रविवारी नवा किल्ला, नवा धबधबा, नवे पठार असे करणाऱ्याजवळ पाच वर्षांत शेकडो ठिकाणांची चित्रे जमतात, पण त्यांतील प्रत्येक चित्र त्या दिवशी नशिबाने जो प्रकाश मिळाला त्याचे असते. एकाच तळ्याकाठी वर्षातून दहा-बारा वेळा जाणाऱ्याला मात्र कोणत्या महिन्यात सूर्य कोणत्या डोंगरामागे बुडतो, वारा केव्हा पडतो, धुके कोठून चढते हे कळू लागते. मग चित्र आधी मनात तयार होते आणि कॅमेरा पिशवीतून नंतर बाहेर येतो. ही पद्धत येथे क्रमाने मांडतो. उदाहरण भंडारदऱ्याचे घेतले आहे, कारण माझी जागा ती आहे. आपल्या घरापासून तीन तासांत पोहोचता येईल अशी कोणतीही जागा या कामाला चालेल.

जागा निवडणे आणि ती वाचणे

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: दूरवर ओळखू येईल असा डोंगर, मध्ये पाणी किंवा मोकळे माळरान, आणि पायाशी काहीतरी बारीक, म्हणजे कातळ, भातखाचर, गवत किंवा एखादे एकटे झाड. भंडारदऱ्यात या तिन्ही गोष्टी आहेत. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाच्या पाठीमागे आर्थर तलाव पसरला आहे. धरणाजवळच्या काठावर उभे राहिले, की वायव्येला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले, तर नैर्ऋत्येला रतनगड व त्याच्या शेजारचा खुटा सुळका दिसतो. तलावाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि तेथील अमृतेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे.

पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवावा. एक वही, होकायंत्र आणि पुरेसा वेळ बरोबर घ्यावा, काठाने चालावे आणि उभे राहण्याच्या पाच-सहा जागा निश्चित करून तेथून कोणता डोंगर कोणत्या दिशेला येतो ते वहीत उतरवावे. आपल्या अक्षांशावर सूर्य २१ जूनच्या सुमारास नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेला. मावळतीलाही हाच हिशेब लागू पडतो. हात ताठ पुढे धरून मूठ वळली, तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर सूर्य वर्षभरात पाच मुठींइतका सरकतो. वरील काठावरून पाहिल्यास जूनचा सूर्यास्त अलंगच्या अंगाला होतो आणि डिसेंबरचा रतनगडाच्या उजव्या बाजूला, त्याच्या बराच जवळ. एवढी एक गोष्ट वहीत असली, की रतनगडाची संध्याकाळची छायाकृती हवी असणारा माणूस मे महिन्यात वाट पाहत बसत नाही.

प्रकाशाच्या कालावधीविषयी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. छायाचित्रणाची पुष्कळशी पुस्तके उत्तर युरोपात किंवा अमेरिकेत लिहिली गेली आहेत आणि त्यांत सोनेरी प्रकाशाचा तासभर सांगितलेला असतो. तेथे सूर्य क्षितिजाकडे तिरका उतरतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर असल्यापासून मावळेपर्यंत आपल्याकडे सुमारे २५ मिनिटे मिळतात, आणि मावळल्यानंतरचा निळसर उजेडही साधारण तेवढाच टिकतो. म्हणून तिवई (ट्रायपॉड) कोठे लावायची, लेन्स कोणती, फिल्टर कोणता हे सगळे सूर्यास्ताच्या तासभर आधी ठरलेले असावे. पहाटे तर सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर पोहोचलेच पाहिजे, कारण ढगांना लाली बहुधा सूर्य वर येण्यापूर्वीच चढते.

वर्षाचे वेळापत्रक

पाश्चात्त्य पद्धतीच्या चार ऋतूंत सह्याद्री बसत नाही, तेव्हा आपले वेळापत्रक आपणच आखावे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे ढग उभे राहतात. तलावाचे पाणी खाली गेलेले असते आणि काठाचा भेगाळलेला गाळ उत्तम अग्रभूमी देतो. याच सुमारास, पहिला पाऊस पडण्याच्या आगेमागे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो आणि त्यानंतर काजवे झपाट्याने ओसरतात.

जुलै महिना दूरच्या दृश्यांचा नाही. डोंगर दिवसेंदिवस ढगात असतात. तेव्हा खाचरात लावणी करणारी माणसे, पाण्याने काळाभोर झालेला कातळ, शेवाळलेली खोडे आणि ओहोळ यांच्याकडे वळावे. श्रावणापासून ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो आणि माझ्या मते वर्षातील सर्वांत मोलाचा प्रकाश हाच असतो, कारण ढगांच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा एका वेळी एकच टेकडी उजळतो आणि बाकीचा प्रदेश सावलीत राहतो. इंद्रधनुष्य हवे असेल तर सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली असावा लागतो. ऑगस्टमध्ये ही स्थिती दुपारी पावणेचार-चारच्या पुढे येते. अशा वेळी सूर्याकडे पाठ करून पावसाच्या पडद्याकडे पाहत राहावे.

भाद्रपदात पठारे फुलतात. ऑक्टोबरात पाऊस परतला, की धुऊन निघालेल्या हवेत दूरच्या रांगा स्वच्छ दिसतात आणि गवत पिवळे पडू लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तलावावर वाफ तरंगते, वारा पूर्ण पडलेला असतो आणि प्रतिबिंबे अखंड मिळतात. ऊन वर आल्यावर तास-दीड तासात वारा सुटतो व पाणी थरथरू लागते. फेब्रुवारीपासून हवा धुरकट होते. बरेच जण तेव्हा कॅमेरा ठेवून देतात, पण एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगा ७० ते ३०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपायचा खरा काळ हाच आहे, आणि पळस, पांगारा, सावर याच दिवसांत फुलतात.

साहित्य

याविषयी थोडक्यात सांगतो. रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेले मूळ चित्र, देणारा कोणताही कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स पहिल्या दोन वर्षांना पुरते. पैसे आधी तिवईवर खर्च करावेत. ती छातीइतकी उंच होईल, पाय स्वतंत्रपणे पसरतील आणि मधला दांडा न उचलताही काम भागेल अशी असावी, कारण कड्यावरच्या वाऱ्यात वर उचललेला दांडा थरथरतो. दुसरी खरेदी वर्तुळाकार पोलरायझर फिल्टरची करावी, आणि तिसरी सहा स्टॉपच्या एनडी फिल्टरची, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेची; प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. दूरनियंत्रकाऐवजी दोन सेकंदांचा टायमर चालतो. बॅटऱ्या दोन असाव्यात आणि थंडीच्या पहाटे दुसरी अंगातल्या खिशात ठेवावी.

चौकट बांधणे

जागेवर पोहोचल्यावर तिवई लगेच उघडू नये. कॅमेरा हातात घेऊन दहा-पंधरा मिनिटे हिंडावे, कधी गुडघ्यावर बसावे, कधी दगडावर चढावे. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून सगळेच पाहतात. कॅमेरा दोन हातांनी खाली आला, की पायाजवळचा कातळ मोठा होतो आणि मागचे पाणी अरुंद पट्ट्यासारखे दिसू लागते. तो वर गेला, तर पाण्याचा विस्तार वाढतो. उंची निश्चित झाल्यावर डावी-उजवी बाजू पाहावी. खुटा सुळका रतनगडाच्या अंगात मिसळून गेलेला दिसत असेल तर काठाने चालत राहावे. पुरेसे अंतर सरकल्यावर दोहोंमध्ये आकाशाची फट पडते आणि सुळका सुटा दिसतो. आकारांना एकमेकांपासून सुटे करणे हेच चौकट बांधण्याचे निम्म्याहून अधिक काम आहे. झाडाचा शेंडा डोंगराच्या धारेला टेकतो आहे का, बगळ्याचे डोके पाण्याच्या रेषेवर आले आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे.

क्षितिज वरच्या तृतीयांशावर ठेवावे की खालच्या, हा प्रश्न नियमाने सुटत नाही. आकाशात काही घडत असेल तर आकाशाला जागा द्यावी. ते कोरे पांढरे असेल तर चौकटीतून जवळजवळ काढूनच टाकावे. पावसाळ्यात हा निर्णय फार वेळा घ्यावा लागतो, आणि नवखा छायाचित्रकार हमखास चुकतो तो येथेच.

प्रकाशाच्या दिशेचाही विचार करावा. सह्याद्रीचे कडे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर आडवे पट्टे आणि टप्पे असतात. सूर्य पाठीशी असला, की हे पट्टे सपाट दिसतात. ऊन बाजूने आले, की प्रत्येक टप्प्याखाली सावली पडते आणि कड्याला उठाव येतो. दुपारी सूर्य डोक्यावर असताना पठार चपटे दिसते, पण घळीच्या आत, जेथे थेट ऊन पोहोचत नाही तेथे, समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड असतो. ती वेळ घळीला द्यावी.

फोकस आणि एक्स्पोजर

पायाजवळचे फूल आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर फोकस डोंगरावर ठेवू नये. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर लेन्स आणि एफ ८ छिद्र असेल, तर सुमारे २ मीटरवर फोकस केल्यास १ मीटरपासून अनंतापर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर आणि एफ ११ ला फोकसचे हे अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास येते. हाताने फोकस करावा, पडद्यावर चित्र मोठे करून तपासावे आणि मग लेन्सवरचे फोकसचे कडे हलू देऊ नये. सगळे स्पष्ट यावे म्हणून एफ २२ वापरण्याचा मोह टाळावा. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश वाकून पसरतो आणि संपूर्ण चित्राची धार बोथट होते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. ओला बेसॉल्ट काळा असतो, म्हणून मापक तो करड्यावर आणू पाहतो आणि कातळ फिकट निघतो. तेथे एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी आत घेतलेला प्रकाश, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे. धुके पांढरे असते, म्हणून मापक ते मळकट करतो. तेथे एक स्टॉप वाढवावे. आकाशाचा भाग जळला तर तो परत मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक चित्रानंतर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील गडद-उजळ भागांचा आलेख, पाहावा आणि आलेख उजव्या भिंतीला टेकणार नाही असा ठेवावा. आकाश आणि जमीन यांतील फरक फार मोठा असेल तर तिवई न हलवता दोन किंवा तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे घेऊन ती घरी जोडावीत.

वाहत्या पाण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पाच-दहा सेकंदांचे एक्स्पोजर दिले, की धबधब्याचे दूध होते आणि पाण्याचा ओघच नाहीसा होतो. १/४ ते १ सेकंद या दरम्यान पाण्याच्या धारा मऊ होतात, पण त्या कोणत्या खडकावरून कशा वळल्या हे दिसत राहते. ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ ११ ला शटरवेग १/६० येत असेल, तर सहा स्टॉपचा फिल्टर लावल्यावर तो बरोबर १ सेकंद होतो. पोलरायझर आधी फिरवून पाहावा. ओल्या पानांवरची पांढरी चमक त्याने जाते आणि पानांचा खरा हिरवा रंग वर येतो. पावसाळी जंगलात हा परिणाम संगणकावर कितीही खटपट केली तरी मिळत नाही. इंद्रधनुष्यासमोर मात्र सावध राहावे, कारण हाच फिल्टर विशिष्ट कोनात फिरला तर धनुष्य पुसले जाते.

सह्याद्रीतील आणखी एका दृश्याची तयारी आधीपासून असावी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर कोकणातून वर आलेले धुके असेल, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ते येथे पाहिल्याची नोंद आहे. प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच सावलीभोवती दिसते, म्हणून चित्रातही ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवतीच येते. कॅमेरा आधीच धुक्याच्या मानाने एक स्टॉप वाढवून ठेवावा. दृश्य काही मिनिटांतच विरून जाऊ शकते. कड्याच्या टोकाशी उभे राहू नये, पालथे पडूनच पुढे सरकावे.

काजवे आणि फुले

काजव्यांसाठी संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात तिवई लावून झाडाचे एक चित्र घ्यावे आणि नंतर कॅमेरा अजिबात न हलवता अंधारात एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, २० ते ३० सेकंद अशी वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत व ती घरी एकत्र करावीत. काजव्यांची ही लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. तेथे विजेरी, फ्लॅश किंवा गाडीचे दिवे लावल्यास त्यांचे मीलनच बिघडते. हे काम चांदणे नसलेल्या रात्री करावे, आणि वाटेपुरता उजेड लागलाच तर विजेरीवर लाल कागद लावून तिचे तोंड जमिनीकडे ठेवावे.

फुलांसाठी कास पठार सर्वांना माहीत आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा कासचाही त्यात समावेश झाला. तेथे जांभ्याच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. एकदा बूट पडला, की त्या जागेवरची सीतेची आसवे किंवा गेंद पुढच्या वर्षी तेथे उगवतीलच असे नाही. वाटेवर राहूनच लांब लेन्सने काम करावे. सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीच्या वर्षी गर्दी अनावर होते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे पोहोचावे. वाऱ्यात डोलणारे फूल स्थिर हवे असेल तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवून १/२५० चा शटरवेग घ्यावा आणि दोन झुळकांमधल्या क्षणाची वाट पाहावी. फूल कधीही तोडून, वाकवून किंवा दोऱ्याने बांधून मांडू नये.

अभयारण्यात आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तिवई किंवा ड्रोन वापरण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. गावातला वाटाड्या बरोबर घेऊन त्याची ठरलेली मजुरी द्यावी. पाऊस कोणत्या खिंडीतून शिरतो आणि ओढ्याला पाणी किती चढेल हे त्याला कोणत्याही ॲपपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. त्याने पावसात सांदण दरीत उतरू नका असे सांगितले, तर उतरू नये.

पाऊस आणि बुरशी

पावसात लेन्सच्या तोंडाशी हूड लावावे, कॅमेऱ्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि दर दोन-तीन चित्रांनंतर पुढची काच स्वच्छ सुती रुमालाने टिपावी; हे रुमाल चार-पाच तरी बरोबर असावेत. वातानुकूलित गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला तर काचेवर आतूनही बाष्प धरते, म्हणून घाट चढताना गाडीतील गारवा बंद करून ठेवावा.

खरा धोका घरी असतो. एका पावसाळ्यात चामडी पिशवीत दोन महिने बंद राहिलेल्या माझ्या आवडत्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे जाळे पसरले आणि ते साफ करूनही तिची पूर्वीची धार परत आली नाही. तेव्हापासून सर्व लेन्स मी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवतो व आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील याकडे लक्ष देतो. सिलिका जेलचा रंग बदलला, की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करावे.

घरी आल्यावर

परतल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती कराव्यात आणि तिसरी प्रत महिन्यातून एकदा दुसऱ्या घरी ठेवावी. निवड मात्र लगेच करू नये. चढणीचे कष्ट आणि तेथल्या थंडीची आठवण ताजी असते, तोवर चित्रात नसलेले गुणही दिसतात. आठवडाभराने पाहिल्यावर चाळीसातील तीन चित्रे उरतात. फिल्मच्या रोलवर काम करत असताना ३६ चौकटी दोन दिवस पुरवाव्या लागत, त्यामुळे निवड कळ दाबण्यापूर्वीच होत असे, आणि ती सवय मी आजही सोडलेली नाही.

संगणकावरील संस्करणात आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा निळसर-उबदार तोल, ठरवावा. पावसाळी सावलीत कॅमेरा दृश्य निळसर करतो; ते थोडे उबदार करावे, पण निळेपणा पूर्ण काढला तर पावसाळाच निघून जातो. नंतर उजळ भाग आवरावेत, कातळाच्या काळोखात थोडा तपशील उघडावा आणि हिरव्या रंगाची तीव्रता वाढवण्याऐवजी शक्यतो कमी करावी. सह्याद्रीचा श्रावणातला हिरवा मुळातच इतका प्रखर असतो, की पडद्यावर तो जरा वाढला तरी खोटा वाटतो.

शेवटी, निवडलेल्या चित्रांपैकी एक तरी बारा बाय अठरा इंचांच्या मॅट कागदावर छापावे. ते रोज नजरेस पडेल अशा भिंतीवर महिनाभर लावावे आणि पाहताना डोळा कोठे अडतो ते वहीत लिहावे: डावीकडचा दगड अर्धा कापला गेला आहे, सुळका धारेला चिकटला आहे, पाण्याचा पट्टा जरा अरुंद हवा होता. पुढच्या फेरीला ती वही बरोबर न्यावी, त्याच दगडाजवळ उभे राहावे आणि तिवई वहीत लिहिल्याप्रमाणे डावीकडे सरकवून, थोडी खाली उतरवून लावावी.